टेबल सॉपासून लेथपर्यंत: कुठे मेण, कुठे तेल आणि कुठे काहीच नको

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरच्या वर्कशॉपमध्ये टेबल सॉ, थिकनेस प्लेनर (फळी रंधून एकसारख्या जाडीची करणारं मशीन), बँडसॉ, ड्रिल मशीन आणि छोटा लेथ आहे. टेबल सॉचं ब्लेड वर-खाली करायचं चाक जड झालं म्हणून आधी डब्ल्यूडी-४० मारलं, मग वर ग्रीस लावलं. थोडे दिवस चाक छान फिरलं आणि नंतर पहिल्यापेक्षाही जड झालं. आता कुठल्या मशीनला कुठे, काय आणि कधी लावायचं?

चाक जड झालं ते ग्रीसमुळेच. ग्रीस खराब होतं असं नाही, ती जागा ग्रीसची नव्हती. ब्लेड उचलणारा वर्म गिअर (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर) आणि ब्लेड तिरकं करणारा दातेरी कंस हे दोन्ही ब्लेडच्या खाली उघड्यावर असतात आणि दिवसभर त्यांच्यावर भुसा पडत असतो. कोरडा भुसा ब्रश फिरवला की निघून जातो. तेलकट पृष्ठभागावर पडलेला भुसा तेल पितो आणि तिथेच बसतो, त्यावर पुढचा थर चढतो. चाक फिरवाल तसतसे गिअरचे दाते तो थर दाबत जातात आणि दातांच्या बुडाशी त्याची पुठ्ठ्यासारखी कडक वडी तयार होते. मग दाते पूर्ण आत बसत नाहीत आणि चाक अडतं.

म्हणून तेलाचा डबा उचलायच्या आधी त्या जागेबद्दल एकच गोष्ट विचारा: इथे भुसा पोचतो का? पोचत असेल आणि भाग हळू हलणारा असेल, तर कोरडं वंगण, म्हणजे पेस्ट वॅक्स (डब्यातलं घट्ट मेण) किंवा पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, कोरडा स्प्रे. जागा बंद असेल, बुश (दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी) किंवा गिअरबॉक्स असेल, तर तेल किंवा ग्रीस. आणि जिथे पकड घर्षणावरच अवलंबून आहे, तिथे काहीही नाही. पत्र्याच्या आणि लोखंडाच्या कामातून इकडे आलेल्या लोकांचा इथेच घोटाळा होतो. तिकडे सढळ हाताने तेल दिलेलं चालतं, कारण लोखंडाचा कीस तेल शोषत नाही. लाकडाचा भुसा शोषतो.

आता सफाई. प्लग काढा आणि तो डोळ्यांसमोर ठेवा. नुसता स्विच बंद करून आत हात घालायचा नाही. सुरुवात व्हॅक्यूमने आणि मऊ ब्रशने करा. बहुतेकांचा हात आधी हवेच्या पाइपकडे जातो, पण हवेने भुसा जात नाही, जागा बदलतो. जाड भुसा खाली पडतो, बारीक धूळ तुमच्या नाकात आणि बेअरिंगच्या सीलवर जाते. जोराची हवा ही धूळ सीलच्या ओठाखाली ढकलते आणि तिथून पुढे ते बेअरिंग खरखरायला लागतं. नाकाचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, तेव्हा मास्क लावायला लाजू नका. व्हॅक्यूम जिथे पोचतच नाही अशा कोपऱ्यापुरती हवा मारा, शक्यतो मशीन बाहेर काढून. आणि सुट्या बेअरिंगवर हवा मारून ते भिरभिरवायचा खेळ कोणी करू नये. त्या वेगासाठी ते बनलेलं नसतं आणि फुटून गोळ्या उडू शकतात.

तुमच्या टेबल सॉचं काम असं करा. ब्लेड काढा. बाजूचं झाकण उघडा, मोटरवर प्लॅस्टिक गुंडाळा. आधी ब्लेड पूर्ण वर, मग पूर्ण खाली, मग ४५ अंशाला असं करत प्रत्येक स्थितीत दिसेल तेवढा भाग साफ करायचा, कारण एका स्थितीत अर्धेच दाते हाती लागतात. दातांमधली वडी बांबूच्या टोकदार काडीने उकरा. स्क्रूड्रायव्हरने उकरू नका, बऱ्याच मशीनमध्ये हे गिअर बिडाचे किंवा मऊ धातूचे असतात आणि ओरखडा पडला की तिथेच पुन्हा भुसा धरतो. सुटा भुसा ओढून घेतल्यावर रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश फिरवा, चिवट जागी पितळी तारेचा ब्रश. पेट्रोल आणि थिनर नको: दोन्हींची वाफ ठिणगीला पटकन धरते आणि थिनर मशीनचा रंगही सोलतो. पांढरं फडकं फिरवून बघा. तपकिरी डाग उठत असेल तर जुनं ग्रीस अजून आत आहे. डाग उठायचा थांबेपर्यंत पुसा, मग पूर्ण वाळू द्या. ही पायरी लोक गाळतात आणि ओल्या रॉकेलवर मेण लावतात. ते मेण धरत नाही.

वाळल्यावर ब्रशने वर्मवर, दातेरी कंसावर आणि ज्या गोलाकार खाचांमध्ये सगळा सांगाडा सरकतो त्यांच्यावर पेस्ट वॅक्सचा पातळ हात द्या. दहा मिनिटं थांबा, चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार-पाच वेळा फिरवा आणि बाहेर आलेलं मेण पुसून घ्या. मेणाऐवजी पीटीएफईचा स्प्रे वापरलात तर तो थेट मारू नका. ब्रशवर मारून ब्रश फिरवा, नाहीतर फवारा पट्ट्यावर आणि पुलीवर जातो. ग्रॅफाइटची पूडही चालते, पण ती हाताला लागते, हातातून लाकडाला लागते आणि फिकट लाकडावरचा काळा डाग सहजी निघत नाही. जिथे गोल पिन बुशमध्ये फिरते त्या सांध्यांना मात्र मशीन ऑइलचा एक थेंब हवा. ती जागा बंद असते आणि थेंब आतच राहतो. बाहेर ओघळलेलं लगेच पुसा.

एवढं करूनही चाक जड असेल तर वंगणाचा दोष नाही. आधी चाकाच्या मधली लॉकची गोल मूठ पूर्ण सैल आहे का ते बघा. ती अर्धवट लागलेली असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मग वर्म आणि दातेरी कंसात किती फट आहे ते तपासा. बहुतेक मशीनमध्ये ती कमी-जास्त करायची सोय असते आणि कोणीतरी चाकाचा खेळ, म्हणजे मोकळी हालचाल, काढण्याच्या नादात ती फार आवळलेली असते. किंचित खेळ राहायलाच हवा.

ब्लेड काढलेलंच आहे तर आर्बरची (ब्लेड बसतं त्या दांड्याची) फ्लँज, म्हणजे ब्लेड जिला टेकतं ती चकती, पुसून घ्या. फ्लँज ६५ मिमीची आणि ब्लेड २५० मिमीचं धरलं, तर फ्लँजच्या कडेला अडकलेल्या ०.०५ मिमीच्या कणाने ब्लेडच्या कडेला जवळजवळ ०.२ मिमी डोल येतो. केसाहून बारीक कण, आणि कापाच्या कडेवर करवतीच्या रेघा स्पष्ट दिसतात.

ब्लेडबद्दल जरा जास्त लिहितो, कारण पैसे इथे वाया जातात. लाकूड काळं पडतंय, जळका वास येतोय, रेटा जास्त द्यावा लागतोय, की लोक ब्लेड धार लावायला पाठवतात. पाठवायच्या आधी दातांच्या पाठीमागची बाजू उजेडात धरून बघा. तिथे तपकिरी, चकचकीत थर दिसला तर ती लाकडाची राळ आहे. कापाची फट ब्लेडच्या अंगापेक्षा किंचित रुंद असते, त्यावरच ब्लेडचं मोकळं फिरणं अवलंबून असतं. राळेचा थर ती जागा खाऊन टाकतो, ब्लेड लाकडाला घासतं, तापतं आणि तापलेल्या ब्लेडवर राळ आणखी जमते. धार तशीच शाबूत असते. उथळ तसराळ्यात कोमट पाणी, थोडा धुण्याचा सोडा आणि डिटर्जंट घ्या, ब्लेड पंधरा-वीस मिनिटं बुडवा, नायलॉनच्या किंवा पितळी ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा आणि ताबडतोब कोरडं करा. वर मेणाचा किंवा हलक्या तेलाचा पातळ हात. पोलादी तारेचा ब्रश नको, कार्बाइडची धार बाहेरून कठीण वाटली तरी ती ठिसूळ असते. ओव्हन साफ करायची रसायनं किंवा कॉस्टिक सोडाही नको. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, रंग खातो, कातडी खातो, आणि ब्लेडवर लेप असेल तर तोही धोक्यात. राउटरच्या (लाकडात खाचा पाडणाऱ्या हत्याराच्या) बिटला टोकाशी छोटं बेअरिंग असेल तर ते काढूनच बिट बुडवा. धुतलेलं ब्लेड लोखंडी टेबलावर आपटून ठेवू नका, खाली पुठ्ठा घ्या.

टेबलाचा वरचा भाग बिडाचा असेल तर गंज हा त्याचा जन्माचा शत्रू. घामाचा हात, ओलं लाकूड, विसरलेला पाण्याचा ग्लास यातलं काहीही पुरतं. शिवाय थंडगार बीड आणि दमट हवा एकत्र आली की वरून पाणी न पडताही दव धरतं. हलका गंज रॉकेल आणि बारीक नायलॉनच्या घासपॅडने निघतो. जास्त असेल तर सपाट ठोकळ्याला ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून लाकूड सरकतं त्या दिशेने घासा. इलेक्ट्रिक सँडर आणि जाड पेपर घेऊन बसू नका, एका जागी खळगा पडला की तो भरून येत नाही. गंजाचा काळसर डाग राहिला तर राहू द्या. हाताला गुळगुळीत लागलं म्हणजे झालं. मग पेस्ट वॅक्स चोळा, धुरकट होईपर्यंत थांबा आणि कोरड्या फडक्याने जोर लावून चमकवा. नीट चमकवलेलं मेण लाकडाला लागत नाही. चिकट ठेवलेलं लागतं.

मेणाच्या डब्यावरचा मजकूर वाचा आणि त्यात सिलिकॉन नको. गाडीच्या पॉलिशमध्ये ते बरेचदा असतं. टेबलावरचं सिलिकॉन लाकडाच्या खालच्या बाजूला लागतं आणि महिन्याभराने त्या फळीवर लॅकर मारताना ते तिथे पसरतच नाही, गोल गोल खळगे पडतात. मग माणूस लॅकरला शिव्या घालतो. सिलिकॉनचा स्प्रे वर्कशॉपमध्ये ठेवूच नये या मताचा मी आहे. हवेत उडालेला फवाराही कुठल्या तरी फळीवर बसतोच.

डब्ल्यूडी-४० बद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. १९५३ मध्ये ते पाणी हटवायला, म्हणजे गंज टाळायला तयार झालं. नेहमीच्या निळ्या-पिवळ्या डब्यातलं द्रव्य बहुतांश उडून जाणारं द्रावक असतं, मागे हलक्या तेलाचा थर राहतो. जाम झालेला नट सोडवायला, राळ आणि स्टिकरचा गोंद पुसायला उत्तम. पण वर्म गिअरवर त्याचं द्रावक आधीचं ग्रीस पातळ करून सगळीकडे पसरवतं, उरलेलं तेल भुसा धरतं आणि टिकाऊ वंगण काही होत नाही. तुमच्याकडे झालं ते हेच. स्वयंपाकाचं कुठलंही तेल तर यंत्राजवळ आणूच नका. ते हवेने घट्ट होत होत चिकट डिंकासारखं बसतं. शिलाई मशीनचं तेल हे हलकं खनिज तेल असतं, ते बुशसाठी खुशाल वापरा.

थिकनेस प्लेनरमध्ये लाकूड मध्येच अडकतं, ढकलावं लागतं, अशी तक्रार आली की मी आधी रबरी रोलर बघतो. त्यावर राळ आणि बारीक धूळ बसून तो काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. साबणाच्या पाण्याने ओलसर केलेलं फडकं किंवा थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो पुसा, रोलर हाताने थोडा थोडा फिरवत. रॉकेल आणि टर्पेंटाइन रबराला लावायचं नाही, रबर फुगतं आणि मऊ पडतं. रोलर पोलादी दातेरी असेल तर पितळी ब्रश आणि द्रावक दोन्ही चालतात. त्यानंतर खालच्या बेडला मेण लावा, फरक पहिल्याच फळीला कळेल. चार कोपऱ्यांतले खांब आणि उंचीचे स्क्रू उघडे असतात, त्यांना कोरडं वंगण. खालची साखळी ब्रशने साफ करून कोरडं चेन ल्यूब. रोलरच्या टोकांना कांस्याचे बुश असतील तर एक-दोन थेंब तेल. हे बुश बरेचदा सच्छिद्र असतात आणि तेल आतच साठवतात, त्यात ग्रीस भरलं तर छिद्रं बुजतात. फीडचा बंद गिअरबॉक्स ही ग्रीसची खरी जागा, पण कुठलं आणि किती ते मशीनच्या पुस्तिकेत बघूनच. पाती बदलताना पात्याची बैठक पुसायला विसरू नका. तिथे एक ढलपी राहिली तर पातं एका टोकाला वर बसतं.

बँडसॉला वंगण फारसं लागत नाही, सफाई लागते. चाकांवरच्या रबरी पट्टीवर भुशाचे कडक गोळे बसतात, त्यामुळे मशीन थरथरतं आणि ब्लेड मागे-पुढे सरकतं. चाक हाताने फिरवत लाकडाच्या काडीने ते खरवडा, द्रावक नको. गाइडची छोटी बेअरिंग्ज झिजायचीच, खरखरली की बदला. ब्लेडचा ताण वाढवणाऱ्या स्क्रूला मात्र मी खुशाल ग्रीस लावतो. तिथे भार प्रचंड, वेग नाहीच आणि जागा भुशापासून दूर वरच्या बाजूला. कोरडा ठेवला तर त्याचे आटे घासून जातात.

ड्रिल मशीनची क्विल (चकसकट वर-खाली होणारी नळी) पूर्ण खाली ओढून पुसा, हलक्या तेलाचं फडकं फिरवा. बस. लेथच्या बेडला मेण, आणि हत्यार टेकवायच्या पट्टीवर खाचा पडल्या असतील तर कानशीने सपाट करून तिलाही मेण.

आता जिथे काहीच लावायचं नाही त्या जागा, कारण तेल न देण्यापेक्षा चुकीच्या जागी दिल्यानेच मोठा घोळ होतो. लेथच्या टेलस्टॉकमधला (लाकडाचं मोकळं टोक धरणाऱ्या भागातला) आणि ड्रिलच्या चकवरचा निमुळता टेपर कोरडा ठणठणीत हवा. तो फक्त घर्षणाने धरतो, तेलाचा हात लागला तर चालू कामात चक सुटून खाली येतं. राउटरच्या कॉलेटचंही, म्हणजे बिट धरणाऱ्या चिमट्याचंही, तसंच. पितळी गोल ब्रशने आतली राळ काढा आणि तसाच कोरडा बसवा. तेलकट कॉलेटमधून बिट काम चालू असताना हळूहळू बाहेर सरकतं, खाच खोल होत जाते आणि कळतं तेव्हा फळी वाया गेलेली असते. पट्टे, पुली, फेन्सची (फळी टेकवून कापायच्या आडव्या पट्टीची) पकड आवळणारे भाग आणि स्विच यांनाही काही नको.

बेअरिंगला ग्रीस द्यायचं का, हा नेहमीचा उपप्रश्न. बेअरिंगवरचा नंबर वाचा. उदाहरणार्थ ६२०३-२आरएस: शेवटच्या ०३ चा अर्थ आतलं छिद्र १७ मिमी, आणि २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. अशा बेअरिंगमध्ये ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं, आपण काही करायचं नाही. पट्टा काढून शाफ्ट हाताने फिरवा. घरघर किंवा वाळू घासल्यासारखं जाणवलं तर नंबर बघून बदला, बाहेरून तेल सोडून ते परत तरुण होत नाही. जुन्या मशीनला ग्रीसचं निपल असेल तर पुस्तिकेत असेल तेवढंच भरा. ठासून भरलेलं ग्रीस बेअरिंगमध्ये घुसळून तापतं आणि सील बाहेर ढकलतं. दोन जातींची ग्रीसही एकत्र करू नका. लिथियमच्या ग्रीसमध्ये पॉलियुरियाचं किंवा बेंटोनाइटचं मिसळलं तर मिश्रण पातळ होऊन वाहू शकतं. ग्रीसच्या रंगावरून जात ओळखता येत नाही, तो नुसता रंग असतो.

मोटर बंद प्रकारची असेल तर बाहेरच्या पट्ट्यांमधला आणि पंख्याच्या जाळीवरचा भुसा काढणं एवढंच काम. तो थर साचला की मोटर तापते. उघड्या प्रकारच्या मोटरला व्हॅक्यूम लावा. कपॅसिटरच्या डबीत हात घालू नका, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज उरलेला असू शकतो.

किती दिवसांनी, याला मी कॅलेंडर लावत नाही. काम संपलं की वरवरचा भुसा ओढून घ्यायचा, तेवढं रोज. एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी) कापलं असेल तर त्याच दिवशी आतूनही, कारण त्याची धूळ पिठाइतकी बारीक असते आणि बेमालूम ठासून बसते. लाकूड टेबलावर अडखळायला लागलं की मेण. चाक जड वाटलं की आतली सफाई. मशीन महिनोन्महिने बंद ठेवणार असाल तर बिडावर तेलाचा पातळ हात देऊन सुती कापड झाका. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. पुन्हा सुरू करताना ते तेल पुसून मेण लावा. पुसलेली रॉकेलची फडकी उघड्यावर पसरून वाळवा. जवसाचं तेल वर्कशॉपमध्ये पॉलिशसाठी असतंच, त्याची फडकी कधीही चुरगाळून डब्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात.

आणि टेबल सॉ साफ केल्यावर गुण्या लावल्याशिवाय कामाची फळी कापू नका. ९० आणि ४५ अंशांच्या थांब्यांवर भुशाचा थर बसलेला असतो आणि मागचं कोणीतरी केलेलं सेटिंग त्या थरासकट केलेलं असतं. थर निघाला की कोन अर्धा-पाऊण अंश सरकतो. थांब्याचे स्क्रू नव्याने लावून घ्या आणि एक टाकाऊ फळी कापून कडेला गुण्या धरून बघा.